फ्रीजरची ओटी

"म्याडम, चप्पल तिकडंच काढा. आत वल्लं हाय," पिराजीमामा प्रयोगशाळेच्या दारातून म्हणाले आणि त्यांनी आपट्याची पानं पुढे केली. "सोनं घ्या. सोन्यावानी ऱ्हावा."

मी सोनं घेतलं, चप्पल काढली आणि आत पाय टाकला, तर तळव्याखाली गार, चिकट पाणी. फरशीवर हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि उदबत्तीची राख यांचा नुसता काला झाला होता. कुंकवाचे ओघळ पार टेबलाच्या पायापर्यंत गेलेले. वर भिजून सडलेल्या फुलांचा वास. दसरा झाला की लातूरच्या आमच्या हॉस्पिटलात जिकडेतिकडे असाच राडा पडलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा मी नुसतीच वैतागले.

मग लक्षात आलं, की खोलीत आवाज नाही. कोपऱ्यातला मोठा डीप फ्रीजर रात्रंदिवस घोंघावत असतो. त्या आवाजाची इतकी सवय झालेली, की तो बंद पडल्यावर कान बधिर झाल्यासारखे वाटले.

"मामा, फ्रीजर बंद आहे?"

"इसावा दिला की त्याला," मामा हसून म्हणाले. "नवमीला बंद केला. आता चालूच करून राहिलो होतो, तेवढ्यात तुम्ही आल्या."

"नवमीपासून?"

"हाव. खंडेनवमीला हत्यार चालू ठेवतेत का कुठं? आन् दसऱ्याची तर सुट्टीच. बटन बंद केलं तर लई बोंबलायला लागलं. मग मागचं बॅटरीचं बी बटन दाबलं. तवा कुठं गप झालं बिचारं."

मी धावले. फ्रीजरचं दार नीट लागलेलंच नव्हतं. फटीतून हिरव्या खणाचा कोपरा बाहेर आला होता. दार उघडलं तर मधल्या फळीवर नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं व्यवस्थित मांडलेलं. फ्रीजरची ओटी भरली होती मामांनी. बर्फ वितळून नळ्यांचे पुठ्ठ्याचे डबे फुगले होते. एका डब्यातली नळी काढून मी आडवी केली. आतलं पिवळं पाणी आरामात या टोकाकडून त्या टोकाला गेलं. ते दगडासारखं घट्ट असायला हवं होतं.

"मामा, काय करून बसलात हे!" मी इतक्या जोरात ओरडले, की मामांच्या हातातली पानं खाली पडली.

मी महादेवी, उदगीरची. या प्रयोगशाळेत टेक्निशियन. आमच्या डॉक्टर अमरनाथ सरांचा एक अभ्यास चालू होता आणि त्याचं हातानं करायचं सगळं काम माझ्याकडे. छाती उघडून ऑपरेशन करतात तेव्हा हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ माणसाचं रक्त एका यंत्रातून फिरवतात. यंत्राच्या नळ्यांतून फिरून आलेलं रक्त पहिल्यासारखं राहत नाही. त्यात मायक्रोआरएनए म्हणून अगदी बारके रेणू असतात. त्यातले काही वाढतात, काही घटतात. ते मोजता आले, तर ऑपरेशननंतर कोणाचं बिघडणार याची चाहूल आधीच लागेल, अशी कल्पना. त्यासाठी प्रत्येक पेशंटचं तीनदा रक्त घ्यायचं: यंत्र लावण्याआधी, यंत्र काढल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. मी त्यातला लाल भाग खाली बसवायची, वरचं पाणी नळ्यांत भरायची आणि या फ्रीजरमध्ये ठेवायची. एकदा ठेवलं, की मोजणी होईपर्यंत ते वितळू द्यायचं नाही. सगळा अभ्यास त्या एका गोष्टीवर उभा होता.

चूक मामांची एकट्याची होती असं मी अजूनही म्हणणार नाही. खंडेनवमीला सकाळी सरांनी स्वतः नारळ फोडला होता. रक्त गरागरा फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला हार घालून फोटो काढला होता. निघताना दारातून म्हणाले होते, "पिराजी, एक पण मशीन सोडू नको रे. त्या फ्रीजरची तर झोकात पूजा कर, सगळ्यात महागडं धूड तेच आहे." दरवर्षी पूजेनंतर मशिनी दिवसभर बंदच असायच्या. हा फ्रीजर या वर्षी आलेला. त्याला सुट्टी द्यायची नसते, हे मामांना सांगायचं ना सरांना सुचलं, ना मला. मी दुपारची उदगीरची बस पकडायच्या घाईत होते.

आणि त्या फ्रीजरमध्ये मामांची बायको होती.

म्हणजे यशोदामामींचं रक्त होतं. पण मामांच्या लेखी त्यात फरक नव्हता. उन्हाळ्यात मामींच्या हृदयाची झडप बदलली. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात झडप खराब झालेली. जळकोटकडच्या गावात आयुष्यभर म्हशींचं शेण काढून, धारा काढून त्यांनी ती तशीच ओढली. मामांना इथे शिपायाची नोकरी लागल्यावर म्हशी विकून दोघं हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायला आली. मुलगा सत्यम हैदराबादला कंपनीत. अभ्यासासाठी रक्त द्यायला मामी आधी तयार नव्हत्या. मामांनीच समजूत घातली, की आपल्या सरांचं काम हाय, वाया जायचं न्हाई. मग माझ्यापुढे हात करून म्हणाल्या होत्या, "घ्या बाई. पन सांडू नका."

मामींना काहीही वाया गेलेलं चालायचं नाही. एकदा मी त्यांच्या खोलीवर चहाला गेले होते. दुधाचं पातेलं चहात उपडं केल्यावर त्यांनी त्यात घोटभर पाणी घातलं, गरागरा फिरवलं, कडेची साय बोटानं सोडवली आणि ते धुवण चहात ओतलं. मला कसंतरीच झालं. तो चहा मी श्वास रोखून प्यायले होते.

ऑपरेशन नीट झालं. तिन्ही वेळचं रक्त मीच घेतलं. पाचव्या दिवशी मामी अतिदक्षता विभागातच वारल्या. तेरावं आटोपून मामा कामावर आले ते थेट माझ्याकडे. "सत्यमच्या मायचं कोन्या फळीवर हाय?" त्यांनी विचारलं. बायकोचं नाव घ्यायची त्यांच्यात पद्धत नाही. मी मधली फळी दाखवली. तेव्हापासून फ्रीजर पुसायला ते हॉस्पिटलचं फडकं वापरत नसत, खांद्यावरचा आपला रुमाल वापरत. सवाष्णच गेलेली बाई. नवरात्रात तिची ओटी भरायची राहू नये, म्हणून त्या माणसानं जिथं तिचं काही उरलं होतं तिथं खण-नारळ ठेवला. नारळामुळे दार लागलं नाही, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

हे सगळं त्या ओल्या फरशीवर उभं राहून मला कळत होतं आणि तरी मी त्यांच्यावर ओरडत होते. मामा नारळाकडे बघत उभे होते. "म्हंजे तिचं बी?" एवढंच त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचंच, मामा."

ते खाली बसले आणि हातानंच पाणी गोळा करायला लागले.

सर आले. चपला न काढता आले, कुंकवाचे ठसे उठवत. पहिल्यांदा लालबुंद झाले. "याला हाकला! आत्ताच्या आत्ता!" वगैरे झालं. मग खुर्चीत बसले. मग शांत झाले. हा माणूस शांत व्हायला लागला, की मला भीती वाटते.

"फ्रीजर चालू कर," ते मला म्हणाले.

"सर, नमुने गेलेत. दोन दिवस..."

"कोण म्हणतं दोन दिवस? लाईट गेली होती. जनरेटर लागायला थोडा वेळ लागला. लातूरला लाईट जात नाही का? मायक्रोआरएनए चिवट असतात, महादेवी. जगभर लोकांनी बाहेर ठेवून बघितलेत. काही होत नाही."

यातली गंमत अशी, की ते अगदीच खोटं नव्हतं. थोडा वेळ बाहेर राहिलं तर हे रेणू तग धरतात, हे मीही वाचलं होतं. पण एवढा वेळ, अशा उष्म्यात, फुगलेल्या डब्यांत? आणि मुळात, धरला तर धरला तग. पण झालं काय ते सांगायला नको? अर्धं खरं बोलणारा माणूस मला खोटारड्यापेक्षा जास्त किळसवाणा वाटतो.

"लाईट न्हाई गेली, सर," फरशीवर बसलेले मामा म्हणाले. "म्या बंद केला."

"तू गप बस रे."

"माझ्या हातून झालंय. मला काढून टाका. कुनाम्होरं बी सांगतो, म्या बंद केला म्हनून."

"तुझ्या हातून काहीही झालेलं नाही," सर म्हणाले. अगदी प्रेमानं म्हणाले. "ऊठ. ती फरशी पूस. आणि तो नारळ फोड, प्रसाद वाट सगळ्यांना."

गुन्हा कबूल करायला माणूस उभा आणि तो ऐकून घ्यायला कोणी तयार नाही, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यानंतर मामा आठवडाभर सरांच्या मागे होते. सर केबिनमध्ये गेले, की हे दारात. एकदा तर सरांनी त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला. पुढच्या वर्षीही त्याला कामावर ठेवणार, असं ऑफिसात सांगून आले. मामा तो पुडा घेऊन माझ्याकडे आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "हे तुम्ही खावा. माझ्या नरड्याखाली उतरंना."

मीही खाल्ले नाहीत. मुंग्या लागल्या, मग टाकून दिले.

"म्याडम," मामा म्हणाले, "एक डाव उन्हाळ्यात सगळं दूध नासलं होतं. दोन म्हशीचं. हॉटेलवाला म्हनला, आना इकडं, बासुंदीत खपवतो. हिनं चरवी नेऊन उकिरड्यावर वतली. म्या चिडलो. तर म्हनली, नासलं ते नासलं, कुनाच्या पोटात घालायचं न्हाई. आता ह्ये सर तिचंच नासलेलं खपवून राहिलेत. वाया गेलं तर गेलं. तिला वाईट वाटंल, पर चालंल. ह्ये चालायचं न्हाई तिला. तेवढं तिचं काढून टाकायला सांगा."

मी सांगितलं. सर हसले. "वेडी आहेस का? गेलेले पेशंट किती आहेत आपल्याकडे? मोजकेच. तेच तर महत्त्वाचे. बरे झालेले ढीगभर आहेत, त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

अभ्यासाच्या हिशेबानं हेही बरोबरच होतं. बरे झाले आणि गेले, यांची तुलना करायची तर गेलेले हवेतच. पण 'मोजकेच' म्हणताना त्यांना हळहळ वाटत होती, ती माणसं गेल्याची नव्हती. आणखी चारदोन गेले असते तर बरं झालं असतं, अशी ती हळहळ होती.

मोजणी मीच केली. दुसरं कोण करणार? नोकरी माझी, मशीन माझ्या हाताखाली. बऱ्याच नळ्यांतून धड काही निघालंच नाही. काहींतून निघालं ते वाटेल तसं. मामींच्या दुसऱ्या नळीचा आकडा उगाच उंच गेला होता. सरांनी तो पडद्यावर बघितला आणि टेबलावर थाप मारली. "बघ! असाच यायला पाहिजे होता! कुणाची आहे ही?"

त्याच वेळी मामा चहा घेऊन आत आले होते. मी गप्प राहिले. पण मामांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. ट्रे खाली ठेवून म्हणाले, "सत्यमच्या मायचं हाय का?"

सरांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पिराजी, यशोदाबाईंनी नाव काढलं बघ."

त्याच क्षणी सरांच्या डोक्यात ती कल्पना आली असणार.

पुढच्या महिन्यात नांदेडला हृदयरोगाच्या डॉक्टरांची परिषद होती. सर तिथे हे काम मांडणार होते, आणि मांडून झाल्यावर व्यासपीठावर पिराजीमामांचा सत्कार होणार होता. पत्नी गमावूनही विज्ञानाची सेवा करणारा साधा सेवक. फेटा, शाल, श्रीफळ. मी ऐकलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

मामांनी नाही म्हटलं नाही. मला आश्चर्य वाटलं. निघायच्या आदल्या दिवशी ते हळूच म्हणाले, "नांदेडला गोदामाय हाय. हिची राख तिथंच सोडली होती. तेवढ्या तिच्या नळ्या घेता येतील का संगं? ते राहून गेलंय बघा तिचं."

"मामा, ती चोरी होईल."

"हाव, ते बी खरंच," ते म्हणाले आणि झाडायला लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी यायच्या आधी मी मामींच्या उरलेल्या तीन नळ्या थर्मासमध्ये घातल्या. सरांना तोंडावर काही बोलायची धमक माझ्यात नव्हती. निदान एवढं तरी करावं, असं वाटलं. थर्मास मांडीवर घेऊन मी नांदेडपर्यंत बसले होते आणि पुढच्या सीटवर सर भाषणाची उजळणी करत होते.

हॉल चांगला होता. एसी, खुर्च्यांना पांढरी कापडं, बाहेर जेवणाचा खमंग वास. सर छान बोलले. ते नेहमीच छान बोलतात. शेवटी पडद्यावर एका बाजूला तो उंच गेलेला आलेख आला आणि दुसऱ्या बाजूला यशोदामामींचा फोटो. आधारकार्डावरचा. घाबरलेल्या, डोळे मोठे केलेल्या मामी, त्यांच्या फोटोला कॉम्प्युटरवर चिकटवलेला झेंडूचा हार. लोक हळहळले. मला तो पडदा ओरबाडून काढावासा वाटला.

मामांना फेटा बांधला. शाल घातली. हातात नारळ दिला. मामा त्या नारळाकडे बराच वेळ बघत राहिले. मग कोणी न सांगता माइकपाशी गेले.

"रामराम," ते म्हणाले. "म्या पिराजी. म्या काय सेवा बिवा केली न्हाई. खंडेनवमीला म्या फ्रीजर बंद केला. दसऱ्यानंतर चालू केला. त्यात हिचं रक्त होतं, दुसऱ्याचं बी होतं. समदं नासलं. सरांनी मला काय बोललं न्हाई, पर नासलंय ते. हे वर दाखवलंय ते धरू नका. कुनाला त्याच्यावरून औषध देऊ नका. एवढंच सांगायचं होतं."

मला वाटलं, झालं. सांगून टाकलं माणसानं.

मग पहिल्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्यानं वाजवली. बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. अध्यक्ष चष्मा काढून डोळे पुसत माइकपाशी आले. "किती निरागस माणूस! पत्नीच्या मृत्यूचा दोष हा स्वतःकडे घेतोय. दुःख माणसाला असं करतं." सरांनी मामांना मिठी मारली. फोटोग्राफर पुढे धावला. शाल, नारळ, मिठी, टाळ्या. आणि मध्ये मामा भांबावून बघताहेत, की आपण मराठीतच बोललो ना?

उभ्या आयुष्यात मला इतकी शिसारी कशाची आली नव्हती. रक्त, पू, सडलेली बोटं, सगळं मी या हातांनी हाताळलंय. त्या टाळ्या मात्र सहन झाल्या नाहीत.

मी उठले. माइक नव्हता, म्हणून ओरडावं लागलं. "ते दुःखानं बोलत नाहीत! खरं बोलतायत! मी तिथली टेक्निशियन. फ्रीजर दोन दिवस बंद होता, दार उघडं होतं. सगळे नमुने वितळले. मी सांगितलं होतं सरांना. मोजणी मी केलीय. ते आकडे कामाचे नाहीत."

टाळ्या थांबल्या. अध्यक्षांनी चष्मा परत घातला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "यावर आपण जेवणानंतर सविस्तर चर्चा करू."

आणि सगळे जेवायला गेले. खोटं सांगत नाही, माझ्या पुढून शंभर माणसं ताटं घ्यायला गेली. कोणी माझ्या नजरेला नजर दिली नाही. एक वयस्कर डॉक्टरीणबाई तेवढ्या थांबल्या. "दार उघडं होतं? नक्की?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग सरळ सांगायचं ना त्यांनी," असं पुटपुटत त्या अध्यक्षांच्या टेबलाकडे गेल्या. जिलेबीचं ताट बाजूला सारून अध्यक्ष त्यांचं ऐकत होते, एवढं मला लांबून दिसलं.

थोड्या वेळानं सर हॉलबाहेरच्या फळ्यावर लावलेलं आमच्या अभ्यासाचं पोस्टर काढताना दिसले. लाज वाटून नव्हे. कोणी फोटो काढून नेऊ नये म्हणून. गुंडाळी करून त्यांनी ती गाडीत टाकली आणि माझ्यासमोर आले. तोंडाला वरणाचा वास येत होता.

"समाधान झालं? उद्यापासून यायची गरज नाही. दोघांनीही." मग मामांकडे वळून म्हणाले, "तुला तर मी वाचवलं होतं रे."

"हाव सर," मामा म्हणाले. "तेच नको होतं."

गाडी आम्हाला न घेताच गेली. मामांनी फेटा उतरवला, शालीची घडी घातली. नारळ कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, शेवटी त्यांनी तो हॉलच्या पायरीवर ठेवून दिला. आम्ही रिक्षानं घाटावर गेलो. उद्या घरी काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होते.

काठाला प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, कोणाच्या तरी देवाची फुटकी फ्रेम, हिरवा बुळबुळीत थर. मामांना त्यातलं काही दिसत नव्हतं. चपला काढून ते गुडघाभर पाण्यात गेले, जिथं वाहतं पाणी होतं तिथं. मीही साडी वर धरून मागे गेले आणि थर्मास उघडला.

तीन नळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. बोटाच्या पेराएवढ्या. मामांनी त्या उन्हात धरल्या.

"रगत तर लाल असतंय की."

"लाल आम्ही काढून टाकतो, मामा. हे वरचं पाणी."

"आन् ही गुलाबी?"

"ती यंत्र काढल्यावरची. यंत्रातून जाताना रक्त थोडं फुटतं, त्याचा रंग उतरतो."

"लई तरास झाला आसंल तिला," ते म्हणाले. मग त्यांनी नळीवरची चिठ्ठी अंगठ्यानं पुसली. "हिच्यावर नाव न्हाई?"

"नंबर असतो फक्त. नाव लिहायचं नसतं."

"मग म्याच घेतो," मामा म्हणाले. त्यांनी तिन्ही नळ्या ओंजळीत घेतल्या. "यशोदा," ते म्हणाले. लाजल्यासारखं म्हणाले. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

झाकणं मी उघडून दिली. एकेक नळी त्यांनी पाण्यावर उपडी केली. चारदोन थेंब असतील नसतील. पाण्यात पडले आणि दिसेनासे झाले. मला वाटलं, संपलं. मी नळ्या परत घ्यायला हात पुढे केला.

मामांनी दिल्या नाहीत. वाकून त्यांनी पहिल्या नळीत नदीचं पाणी भरलं, बोटानं तोंड दाबून ती गरागरा फिरवली आणि ते धुवण हलकेच प्रवाहात ओतलं. मग दुसरी. मग गुलाबी होती ती. ती त्यांनी परत उन्हाकडे धरून एक डोळा मिटून आत बघितलं.

"थोडं ऱ्हायलंय अजून," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.